कडी बाहेरून होती

सई, ओजस — हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. तुमचे आजोबा असते तर त्यांना सांगितलं असतं, असं मी बरीच वर्षं स्वतःला समजावत आले. पण ते असते तरी सांगितलं नसतं. गेलेल्या माणसाला विश्वासात घेणं सोपं असतं — तो उलट काही विचारत नाही.

आधी इंग्रजीत लिहिणार होते. तुम्हाला वाचायला सोपं, मला लिहायला सोपं. थोडं लिहिलंही. मग वाचून पाहिलं आणि फाडून टाकलं. इंग्रजीत मी फार समजूतदार दिसते. जन्मभर त्या भाषेत शिकवलं, भाषणं केली, कितीतरी मुलींचे प्रबंध दुरुस्त केले. त्या भाषेत माझी चूकसुद्धा इस्त्री करून बाहेर पडते. मराठीत तसं होत नाही. ओजस, तुला वाचायला वेळ लागेल. अडलं तर ताईला विचार. आईला विचारू नकोस — नाही, का नको? विचार. बघ, पहिल्याच पानावर मी पुन्हा काहीतरी लपवायला निघाले.

मी शिस्तीची बाई आहे हे तुम्हाला माहीत आहे. माझ्या फडताळातले डबेसुद्धा उंचीप्रमाणे लागतात, त्यावरून तुम्ही हसायचात. हेही मला क्रमाने लिहायचं होतं. पण क्रम लागत नाही. कुठून सुरू झालं, हेच नक्की सांगता येत नाही. बाळंतिणीच्या खोलीपासून? त्या ऑटोपासून? की माझ्या वर्गापासून?

वर्गापासून सांगते. तिथे मला निदान माझा आवाज ओळखीचा आहे.

मी कॉलेजात बी.ए.च्या मुलींना इंग्रजी शिकवायचे. माझा आवडता भाग म्हणजे एकोणिसाव्या शतकातल्या बायकांनी लिहिलेल्या कथा. त्या कथांमध्ये एक बाई असते आणि एक खोली असते. कधी खिडकी असते, पण ती उघडत नाही. कधी जिना असतो, पण तो उतरायची परवानगी नसते. बाई आजारी असते, किंवा आजारी आहे असं सगळे म्हणतात. तिला वाचू देत नाहीत, लिहू देत नाहीत, डोळे मिटून पडायला सांगतात. मी फळ्यावर एक चौकोन काढायचे — ती खोली — आणि त्यातून बाण काढायचे. खिडकी म्हणजे काय, दार म्हणजे काय, अर्धवट राहिलेलं शिवणकाम म्हणजे काय. आणि दरवर्षी एक वाक्य हमखास सांगायचे, मुली ते अधोरेखित करायच्या: या कथांमध्ये कोंडणारा माणूस कधी ओरडत नाही, तो काळजी करतो.

हे वाक्य माझं स्वतःचं होतं. मला त्याचा अभिमान होता.

तुमची आईसुद्धा माझ्या वर्गात होती. कॉलेजात मला मॅडम म्हणायची आणि घरी आल्यावर माझी नक्कल करायची. हातात पळी घेऊन, चष्मा नाकावर ओढून — "मुलींनो, ही खिडकी म्हणजे केवळ खिडकी नव्हे." मग आमच्याकडे स्वयंपाकाला आणि वरकामाला येणाऱ्या कांताबाईंकडे वळून, "आणि हे वांगं म्हणजे केवळ वांगं नव्हे." कांताबाई हसून हसून खाली बसायच्या. अनघा अशी होती. तुम्ही तिला तशी पाहिली नाहीत. ती तशी का राहिली नाही, तेच मी सांगते आहे — सांगायचा प्रयत्न करते आहे.

सई, तुझ्या वेळेला ती माहेरी आली; तुमचे आजोबा तोवर गेले होते. पहिलं बाळंतपण आईकडे, हे आपल्यात ठरलेलंच. शिरीष — तुमचे बाबा — तेव्हा नुकते मेलबर्नला गेले होते. दर रविवारी फोन करायचे. तू पाडव्याच्या सुमारास झालीस. म्हणजे पुढचा सगळा उन्हाळा, आणि तोही नागपूरचा.

बाळंतिणीची खोली म्हणजे काय हे तुम्ही पाहिलेलं नाही. मागची खोली. खिडकी बंद, तिच्यावर घोंगडी. बाळंतिणीला वारा लागता कामा नये म्हणून डोक्याला, कानाला कापड बांधलेलं. शेक, ओवा-शेपांची धुरी. कूलर नाही — आमच्याकडे एप्रिलमध्ये कूलरशिवाय माणूस बसू शकत नाही, पण बाळंतिणीला ती हवा चालत नाही. वाचायचं नाही, डोळे जातात. रडायचं नाही, दूध आटतं. सव्वा महिना.

मी व्यासपीठावरून असल्या रूढींची टर उडवलेली बाई. आणि घरात त्यातलं एकही मी सोडलं नाही. का? माझ्या आईने माझं असंच केलं होतं म्हणून? तसं म्हणता येईल. पण मला दुसरंही आठवतं — ती त्या खोलीत असली की घर माझ्या हातात राहायचं. जेवणाच्या वेळा, अंघोळीच्या वेळा, तुझ्या झोपेच्या वेळा, सगळं जागच्या जागी. मला ते बरं वाटायचं. ही काळजी होती की आवराआवर? मला तेव्हाही फरक कळत नव्हता, आजही नीट कळत नाही.

अनघा संध्याकाळी रडायची. हे खरं आहे. का रडतेस म्हटलं तर म्हणायची, काही नाही गं, उगाच. ती आजारी होती का? सई, या प्रश्नाचं उत्तर मी देऊ शकत नाही. थोडी असेल. उजेड नाही, हवा नाही, नवरा सातासमुद्रापलीकडे — कोण रडणार नाही? पण पुढे मी असं काही केलं की ती खरोखर किती आजारी होती, हे कळायची वाटच बंद झाली.

सव्वा महिना संपला. तिला बाहेर पडायचं होतं. मी म्हटलं, एवढ्या उन्हात? नवतपाचे नऊ दिवस जाऊ देत. ती म्हणाली, "आई, सव्वा महिना झाला ना? तुझ्या त्या कथांमध्येसुद्धा बाईला कधीमधी बागेत नेतात." मी हसले आणि घोंगडी नीट केली. तोवर दाराची कडी आतून होती. ते मी मुद्दाम सांगते.

आता तो दिवस. इथे मी नेहमी अडते. कारण हा दिवस मी इतक्या वेळा सांगितला आहे — खोटा — की डोळे मिटले तर मला खोटाच दिसतो. उन्हात रस्त्याच्या कडेला पडलेलं बाळ, लाल झालेलं, आणि लांब कुठेतरी बघत बसलेली तिची आई. मला ते चित्र इतकं स्वच्छ दिसतं की कधी कधी वाटतं, तेच खरं असेल. मी उगाच म्हातारपणी स्वतःवर आळ घेते आहे. माणसाला असं होतं का? स्वतःच रचलेलं स्वतःला आठवायला लागतं का?

पण मग मला एक वाक्य ऐकू येतं, आणि ते मी रचणं शक्य नाही, कारण मी तशी बोलत नाही.

मी पेपर तपासणीच्या केंद्रावरून ऑटोने परत येत होते. दुपार व्हायची होती. माझ्याबरोबर आमच्या विभागातल्या एक बाई होत्या. त्यांचं घर आमच्या पुढे. आमच्या वळणावर कडुनिंबाखाली एक रसवंती होती — उसाच्या रसाचं दुकान, चरकाला घुंगरं बांधलेली, समोर दोन-तीन लाकडी बाकं. ऑटोवाले, पोस्टमन, असले लोक तिथे टेकायचे. ऑटो हळू झाला आणि त्या बाई म्हणाल्या, "अहो, ती तुमची अनघा ना?"

ती अनघाच होती. मॅक्सीत. केस मोकळे, पायात माझ्या न्हाणीघरातल्या चपला. ऑटोवाल्यांच्या मधे बाकावर बसली होती आणि हसत होती. रसवंतीवाल्या बाईशी काहीतरी बोलून हसत होती. आणि दुपट्ट्याआड तू पीत होतीस.

तू तिच्या मांडीवर होतीस, सई. ओल्या दुपट्ट्यात गुंडाळलेली, गर्द सावलीत, आईच्या अंगावर पीत होतीस.

मी उतरले. त्या बाईंना म्हटलं, तुम्ही व्हा पुढे. मी अनघाचा दंड धरला. तिने वर पाहिलं आणि अगदी आनंदाने म्हणाली, "आई, बस ना. रस घेतेस?" मी फक्त ओढलं. तेव्हा ती रसवंतीवाली म्हणाली, "काहून उठवता बाई तिले? लेकरू दूध पिऊन राह्यलं. पिऊ द्या ना त्याले."

हेच ते वाक्य. हे नसतं तर मी आज माझ्यावर विश्वास ठेवला नसता.

मी अनघाला घरी आणलं. रस्त्यात ती एकदाच म्हणाली, "काय झालं पण?" काय झालं होतं? ऊन? सावली होती. बाळ? बाळ सुखात होतं. मला काय झालं होतं ते मी सांगते. मला लाज वाटली. मी कॉलेजची उपप्राचार्य, माझी मुलगी मॅक्सीवर ऑटोवाल्यांच्या मधे बसून मुलीला पाजते आहे, आणि ते माझ्या सहकारी बाईंनी पाहिलं. बस, एवढंच. स्त्रीच्या देहावर समाजाची नजर कशी पहारा ठेवते, यावर मी मुलींना चार तास शिकवू शकत होते. आणि ती नजर माझ्या चष्म्यामागे होती.

संध्याकाळी त्या बाईंचा फोन आला. अनघा बरी आहे ना, म्हणाल्या. साधा प्रश्न होता, कुचकट नव्हता. मी म्हणू शकले असते, हो, कंटाळली होती, जरा बाहेर पडली. पण मग ते दृश्य जसंच्या तसं राहिलं असतं — माझी शहाणीसुरती मुलगी, रसवंतीवर. मला ते पुसायचं होतं. मी म्हटलं, "तिची तब्येत बरी नाही हो. बाळाला उन्हात टाकून बसली होती."

कुठून आलं ते वाक्य? मला खरंच माहीत नाही. मी ते ठरवलं नव्हतं. तोंडातून गेलं आणि लगेच किती बरं वाटलं — हेही मला आठवतं. लाज गेली. आता मी उपप्राचार्य नव्हते, आजारी मुलीची आई होते. पलीकडून आवाज एकदम मऊ झाला. त्यांनी एका डॉक्टरांचं नाव सांगितलं. म्हणाल्या, मी आत्ताच बोलून ठेवते, उद्याच न्या.

आता कसं मागे घेणार? घेता आलं असतं. कुणीही घेतलं असतं. मी दुसऱ्या दिवशी तिला घेऊन गेले.

डॉक्टर चांगले होते. त्यांचा काही दोष नाही. त्यांनी जे ऐकलं त्यावरून केलं. मी तेच सांगितलं, आणखी नेटकं करून. ऊन, रस्ता, बाळ जमिनीवर. मी चांगलं बोलते. अनघा शेजारी बसली होती. ती माझ्याकडे बघत राहिली. रागाने नाही — वर्गात न कळलेल्या मुली बघतात तशी. मग हळू आवाजात म्हणाली, "मी टाकलं?"

आणि मी — सई, ओजस, हेच ते. बाकी सगळं याच्या मागेपुढे आहे. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हटलं, "तुला आठवत नसेल, सोना."

मला वाटलं होतं, ती भांडेल. काल नक्कल करणारी पोरगी, ती म्हणेल, आई, काय बोलतेस? तिने विचार केला. मला दिसत होतं ती विचार करते आहे, आठवून बघते आहे. आणि मग तिने मान हलवली. तिने माझ्यावर विश्वास ठेवला. मी तिची आई होते, वर मॅडम होते. मी सांगितलेलं ती जन्मभर लिहून घेत आली होती.

औषध सुरू झालं. औषधाने ती दिवसदिवस झोपायची. औषध चालू आहे तोवर अंगावर पाजायचं नाही, असंही डॉक्टर म्हणाले. तू बाटलीवर गेलीस. बाळाजवळ एकटीला ठेवू नका, असं ते म्हणाले — माझं ऐकून दुसरं काय म्हणणार? मग तू माझ्या खोलीत आलीस. आणि मी घराबाहेर जाताना मागच्या खोलीची कडी बाहेरून लावायला लागले.

पहिल्यांदा लावली तेव्हा ती जागी होती. आतून म्हणाली, "मॅडम, ही कडी म्हणजे केवळ कडी नव्हे ना?"

चेष्टाच केली तिने. शेवटची. मी म्हटलं, "झोप आता." त्यानंतर तिने माझी नक्कल कधी केली नाही.

कांताबाई तुला बाहेरच्या खोलीत सांभाळायच्या. एकदा मी परत आले तर दारातच म्हणाल्या, "बाई, पोरगी आतून आवाज देऊन राह्यली केव्हाची. लेकरू मागते." मी म्हटलं, औषधाचा परिणाम आहे, लक्ष देऊ नका. त्या माझ्याकडे न बघता आत गेल्या. मला कुणीच काही म्हटलं नाही. कोण म्हणणार? मी ओरडत नव्हते. मी काळजी करत होते.

रविवारी शिरीषचा फोन यायचा. ती झोपली आहे, असं मी सांगायचे. बहुतेक वेळा खरंच झोपलेली असायची. त्यांनाही मी तेच सांगितलं — ऊन, रस्ता, बाळ. ते बिचारे तिकडे एकटे रडले. मी त्यांना धीर दिला.

जुलैत कॉलेज सुरू झालं. मी पुन्हा तोच भाग शिकवायला घेतला. तुम्ही म्हणाल, कसं शिकवलंस? नेहमीसारखंच. चौकोन काढला, बाण काढले. बंदिवासाचं प्रतीक, समाज, व्यवस्था. त्या वर्षी नरखेडकडची एक मुलगी होती, रोज एसटीने यायची, मराठीतूनच विचारायची. ती उठून म्हणाली, "मॅडम, समाज कडी लावते म्हणजे काय? समाजाले हात आहेत काय? घरातलं कोणी तरी लावत असंल ना?" वर्ग हसला. मीही हसले. मग मी तिला उत्तर दिलं — सुंदर उत्तर, प्रतीक आणि वास्तव यांच्यातल्या अंतराबद्दल. तिने लिहून घेतलं. मी घरी आले, कडी काढली, अनघाला चहा दिला.

त्या दिवशी मला काही जाणवलं का? जाणवलं असतं तर ही गोष्ट बरी झाली असती. मला वाटतं, काहीच जाणवलं नाही. आता कधी विचार करते तर वाटतं, माझ्या शिकवण्यातच काहीतरी चुकत होतं. खिडकी ही खिडकी नसून दुसरंच काहीतरी आहे, असं इतकी वर्षं म्हटलं की माणसाला खिडकी उघडायची आठवण राहत नाही. पण हेही पुन्हा एक वाक्यच झालं. अधोरेखित करण्याजोगं. सोडा.

तान्ह्या पोळ्याला शिरीष आले. गल्लीतली मुलं लाकडी बैल घेऊन दारोदार फिरत होती. त्यांना बघायला मी अनघाला ओसरीवर आणून बसवलं. शिरीषने तुला उचलून तिच्याजवळ नेलं. तिने हात पुढे केले नाहीत. आधी माझ्याकडे बघितलं. म्हणाली, "आई, घेऊ का?"

स्वतःच्या मुलीला घ्यायला ती परवानगी मागत होती. आणि मी मान डोलावली — दिली परवानगी.

सई, मागच्या महिन्यात तू फोनवर म्हणालीस, आई मला मिठी मारायच्या आधी अजून विचारते, पाहुण्यासारखं. तू हसत म्हणालीस, पण हसत नव्हतीस. ते तिकडच्या देशातलं वळण नाही गं. ते या ओसरीवरचं आहे.

आणि त्याच फोनवर तू सांगितलंस की तुला बाळ होणार आहे, आणि बाळंतपणाला आई नको, आजी हवी. "तिला बाळं झेपत नाहीत, आजी. तूच सांगितलंस ना?" हो, मीच सांगितलं. तू अकरा-बारा वर्षांची होतीस, सुटीत आली होतीस, इथेच संत्री सोलत बसली होतीस. आई माझ्याशी अशी का वागते, असं विचारलंस. मी तुला ती सगळी कथा सांगितली, तुझ्या वयाला झेपेल अशी. वर म्हटलं, आईला दोष देऊ नकोस हं, ती आजारी होती. किती प्रेमाने सांगितलं मी. तू ऐकलंस. दोष दिला नाहीस. फक्त तिच्यापासून जरा लांब बसायला लागलीस.

त्या फोनवरच मी तुला हो म्हटलं. येते म्हटलं. मनातून मला आनंदही झाला — आजी हवी, असं कुणी म्हणालं. तो आनंद दोन दिवस टिकला.

इथवर लिहून मी कालच थांबले होते. वाचून पाहिलं. आणि लक्षात आलं की मी पुन्हा तेच करते आहे — अनघाबद्दल, अनघाच्या पाठीमागे, इतरांना सांगते आहे. म्हणून आज सकाळी आधी तिला फोन केला.

लांबण लावली नाही. म्हटलं, "अनघा, त्या दिवशी रसवंतीवर तू सईला टाकलं नव्हतंस. ती तुझ्या मांडीवर होती. मी खोटं सांगितलं. डॉक्टरांनाही, शिरीषलाही, तुलाही."

तिकडे नळ चालू होता, तो तिने बंद केला. मग विचारलं, "रडत होती का ती?"

"नाही. पीत होती."

मला वाटलं, आता ती ओरडेल; ओरडावं असं मला वाटत होतं. ती अगदी सपाट आवाजात म्हणाली, "आई, ओजस लहान असताना मी त्याला एकटीने कधी अंघोळ घातली नाही. शिरीष कामावरून येईपर्यंत थांबायचे. पाणी घेऊन बसायचे." मग म्हणाली, "ठेवते." आणि फोन ठेवला.

मी परत केला नाही.

सई, मी बाळंतपणाला येणार नाही. कुणाला बोलवायचं ते तू ठरव. आता निदान खोट्या गोष्टीवरून ठरवायला लागणार नाही.

ओजस, आजवर मला वाटायचं की यात तू नाहीस. तू तर नंतर झालास, तिकडे झालास. आज सकाळी कळलं की तू रोज संध्याकाळी बाबा येईपर्यंत न्हायचा राहायचास, आणि पाणी घेऊन तुझ्या शेजारी बसलेल्या त्या बाईला स्वतःच्या हातांची भीती वाटायची. ती भीती तिची नव्हती. ती मी तिला दिली होती.